तिरपा माउंट किती एमओएचा घ्यावा? आधी स्कोपचे क्लिक मोजा

लातूरच्या एका तरुण नेमबाजाचा प्रश्न आहे. त्याच्याकडे परवान्यावरची .२२ बोल्ट अ‍ॅक्शन रायफल आहे. रिसीव्हरवर (बोल्ट बसतो त्या भागावर) ११ मिमीची डोव्हटेल, म्हणजे माउंट पकडायची खाच आहे आणि वर एक इंची नळीचा ३-९ पॉवरचा जुना स्कोप. झीरो ५० मीटरला आहे, म्हणजे तिथं क्रॉसहेअर जिथं तिथंच गोळी लागते, आणि गट (गोळ्यांचा पुंजका) चांगला येतो. आता रेंजवर २०० मीटरपर्यंत मारायचं आहे, पण शंभरीच्या जरा पुढं गेलं की टरेट, म्हणजे स्कोपवरची क्लिक-क्लिक फिरणारी चकती, फिरायची थांबते; एलेव्हेशन (वर-खाली करायची जागा) संपतं. दुकानदार म्हणाला, "४० एमओएचाच तिरपा माउंट घ्या, पुढं कधी अडायचं काम नाही." शिवाय मामांकडे .३०-०६ ही मोठ्या काडतुसाची रायफल आहे. तोच माउंट आणि स्कोप तिकडंही चालेल का, हेही त्याने विचारलंय.

४० घेऊ नका. एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग; माउंटचा उतार आणि टरेटचे क्लिक दोन्ही त्यातच मोजतात. तुमच्या स्कोपवर ४० चा माउंट बसवला तर ५० मीटरचा झीरो हातचा जाईल आणि साधारण १०० मीटरच्या अलीकडं कुठंच झीरो होणार नाही. का, ते खाली मांडतो. मी फौजेत ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रं-हत्यारं दुरुस्त करणाऱ्या शाखेत, आर्मरर (हत्यारांचा कारागीर) होतो आणि नंतर वाळूजला टूलरूममध्ये काम केलं, त्यामुळे उत्तरात आकडे जास्त येतील. या विषयात त्याला इलाज नाही.

गोळी रायफलीच्या नळीतून बाहेर पडली की त्याच क्षणापासून खाली यायला लागते. लांबच्या निशाणावर ती पोहोचावी म्हणून नळीचं तोंड नजरेच्या रेषेपेक्षा थोडं वर ठेवावं लागतं. हे वर ठेवणं आपण टरेट फिरवून करतो. टरेट फिरवला की स्कोपच्या आतली लहान नळी हलते, आणि तिला हलायला बाहेरच्या नळीत जागा मोजकीच असते. ती भिंतीला टेकली की खेळ संपला. तिरप्या माउंटची मागची बाजू पुढच्यापेक्षा किंचित जाड असते. त्यामुळे स्कोपचं नाक खाली झुकतं, आणि तुम्ही निशाणाकडं सरळ बघता तेव्हा रायफलीची नळी आपोआप वर झालेली असते. म्हणजे टरेटचं थोडं काम माउंट करतो आणि टरेट पुढच्या अंतरांसाठी मोकळा राहतो.

हा उतार किती बारीक असतो ते लक्षात घ्या. २० एमओए म्हणजे एका अंशाचा तिसरा हिस्सा. १०० मिमी लांबीत तो फक्त ०.५८ मिमी भरतो. डोळ्याला तो दिसत नाही, म्हणूनच माउंट उलटा बसवलेला बऱ्याचदा बघायला मिळतो आणि मग माणूस स्कोपला दोष देत बसतो. व्हर्नियरने दोन्ही टोकं मोजा. जाड टोक खांद्याकडं, बारीक टोक नळीच्या तोंडाकडं.

आता गणित. १ एमओए म्हणजे १०० मीटरवर २.९ सेंटिमीटर. .२२ च्या साध्या वेगाच्या, म्हणजे ४० ग्रेनच्या आणि सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास निघणाऱ्या गोळीसाठी ५० मीटरचा झीरो धरला, तर १०० मीटरला आणखी सुमारे ७ एमओए वर जावं लागतं, १५० ला १७-१८ आणि २०० ला २८ ते ३०. गोळीगणिक थोडा फरक पडेल, पण अंदाज बांधायला एवढं पुरतं. यात बरेच जण एक गोष्ट विसरतात. ५० मीटरचा झीरो करण्यातच एलेव्हेशन खर्च झालेलं असतं. स्कोप नळीपासून साडेचार सेंटिमीटर वर बसलाय आणि गोळी ५० मीटरमध्ये साडेबारा सेंटिमीटर पडते. दोन्ही मिळून १७ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास १२ एमओए.

तुमच्या स्कोपमध्ये तळापासून माथ्यापर्यंत एकूण ४० एमओए आहे असं धरू. म्हणजे मध्यापासून वर २०, खाली २०. सपाट माउंटवर त्यातले १२ झीरोलाच गेले, उरले ८. आणि १०० मीटरला लागतात ७. शंभरीच्या जरा पुढं टरेट थांबतो ही तुमची तक्रार या हिशेबाशी जुळते, म्हणून ४० चा अंदाज बरोबर असावा असं मला वाटतं.

याच स्कोपखाली २० चा माउंट ठेवला तर त्यातले १२ झीरोला जातात, म्हणून झीरो मध्याच्या ८ खाली येतो आणि वर २८ शिल्लक राहतात. २०० मीटर जेमतेम, तेही सगळं जुळून आलं तर. ३० चा ठेवला तर झीरो मध्याच्या १८ खाली, वर ३८ शिल्लक. २०० मीटर आरामात होतं, पण खाली फक्त २ एमओए उरतात. रिसीव्हरची खाच आणि रायफलीची नळी एकमेकींना काटेकोर समांतर आहेत असं कुणी गृहीत धरू नये, पाच-सात एमओएचा फरक नव्या रायफलीतही निघतो. तो फरक उलट्या बाजूला निघाला तर ५० मीटरचा झीरो होणार नाही. ४० चा ठेवला तर झीरोसाठी मध्याच्या २८ खाली जावं लागेल, आणि खाली आहेत २०. दुकानदाराचं "पुढं अडायचं काम नाही" इथं उलटं पडतं. पुढं अडणार नाही हे खरं, पण अलीकडंच अडेल.

म्हणून या स्कोपवर २५ चा मिळाला तर तो घ्या. वर ३३ उरतात, खाली ७. पण माझं खरं मत वेगळं आहे. माउंटचा कोन वाढवून जुन्या स्कोपची कमतरता भरून काढण्यापेक्षा तोच पैसा ३० मिमी नळीच्या, एकूण ६० एमओए किंवा जास्त एलेव्हेशन असलेल्या स्कोपमध्ये घाला आणि खाली २० चा माउंट ठेवा. तेव्हा हिशेब असा होतो: वर ३८ शिल्लक, खाली २२. दोन्हीकडं श्वास घ्यायला जागा. आतली नळी कडेला टेकलेली असते तेव्हा आडव्या टरेटलाही जागा कमी उरते, कारण नळी गोल आहे. माथ्यावर पोहोचलेला स्कोप डावी-उजवीकडं फार हलू शकत नाही. शिवाय चित्राची धारही कडेला मऊ पडते. २०० मीटरवर .२२ ला वारा किती ढकलतो हे रेंजवर गेलेल्याला सांगायला नको, तिथं आडव्या टरेटची जागा संपणं परवडत नाही.

पण हे सगळं तुमच्या स्कोपचा खरा आकडा हातात आल्यावर. डब्यावर छापलेला आकडा धरू नका. टरेट हळूहळू खाली टेकेपर्यंत फिरवा, जोर लावू नका, मग वर टेकेपर्यंत क्लिक मोजत या. पाव एमओएचे १६० क्लिक आले तर ४० एमओए. त्याच्या निम्म्यावर आणून ठेवला की तो मध्य. ताडून बघायचं असेल तर स्कोप काढून त्याचं पुढचं भिंग आरशाला टेकवा आणि मागून बघा. क्रॉसहेअर आणि त्याचं प्रतिबिंब एकावर एक आलं तर मध्य बरोबर आहे. मध्यावर असताना रायफल २५ मीटरवर कुठं मारते तेही बघा. नळी आणि खाच यांच्यात किती फरक आहे ते तिथं उघडं पडतं, आणि मग २० की २५ हा प्रश्न अंदाजाचा राहत नाही.

एअर रायफलवाल्यांसाठी दोन वाक्यं, कारण मराठवाड्यात खरी गर्दी त्यांचीच आहे. .१७७ बोअर आणि २० ज्यूलपर्यंतची एअर रायफल २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवान्याशिवाय घेता येते, आणि नळी मोडून भरायच्या रायफलीत नळीचं तोंड थोडं खाली झुकलेलं असणं नेहमीचं आहे. १० मीटरवर स्कोप मध्याला ठेवून छर्रा चार-पाच सेंटिमीटर खाली लागला तर ती स्कोपची उंची; त्याहून जितके सेंटिमीटर खाली लागेल, तेवढा साडेतीन एमओए प्रत्येकी झुकाव. तीन सेंटिमीटर जास्त खाली म्हणजे १० एमओए. तेवढ्याचा माउंट लावा, आणि त्याला स्टॉप पिन (माउंट सरकू न देणारी खीळ) असलीच पाहिजे. स्प्रिंगच्या रायफलीचा धक्का मागं आणि पुढं दोन्हीकडं बसतो, साधा माउंट सरकत जातो.

११ मिमीच्या डोव्हटेलवर तुम्हाला दोन पर्याय आहेत. एक, डोव्हटेलवर बसणारी आणि वर पिकाटिनी खाचा (रिंगा अडकवायच्या ठरावीक मापाच्या आडव्या खाचा) असलेली अखंड पट्टी, जिच्यात उतार आधीच घेतलेला असतो. दोन, उतार असलेल्या अखंड रिंगा. मी पट्टीच्या बाजूने आहे. तिच्यावर पुढं कुठलाही स्कोप बसतो. फक्त ती स्कोपला थोडं वर उचलते, तेव्हा गाल टेकायची जागाही तितकीच वर घ्यावी लागेल. डोव्हटेलच्या बाजूचा कोन सगळ्या रायफलींत सारखा नसतो, ४५ अंशाचाही असतो आणि ६० चाही. चुकीच्या कोनाचा जबडा कडेच्या धारेवरच पकडतो आणि शंभरेक गोळ्यांत ढिला पडतो. खडूसारखा रंग किंवा मार्किंग ब्लू लावून बसवा, काढा, आणि रंग कुठं पुसला गेला ते बघा. पूर्ण लांबीत पुसला गेला तर पकड बरी.

दोन वेगळ्या बेसवर मागच्या रिंगखाली पत्रा घालून उतार करायचा प्रकार करू नका. २० एमओएसाठी १०० मिमी अंतरावरच्या मागच्या रिंगखाली जवळपास ०.६ मिमीचा पत्रा लागतो, आणि रिंगा एका रेषेत नसल्या की आवळताना स्कोपची नळी वाकते. रिंगा काढल्यावर नळीवर जे अर्धचंद्र दिसतात ते त्याचेच. आतल्या गोल खोबणीत फिरणारे प्लास्टिकचे इन्सर्ट असलेल्या रिंगा मिळतात. त्या नळीला न वाकवता थोडा उतार देतात. पाच-दहा एमओएची सुधारणा हवी असेल तर त्या उत्तम.

आता वाळूज-चिकलठाण्यातून वारंवार येणारा प्रश्न, "सर, पट्टी आपल्याच मिलिंगवर काढली तर?" जरूर काढा. इथल्या टूलरूममध्ये याहून अवघड कामं रोज होतात. २०० मिमीच्या साइन बारच्या (कोन लावायच्या साधनाच्या) एका रोलरखाली १.१६ मिमीची एकच स्लिप (नेमक्या जाडीचा तुकडा) ठेवा, २० एमओएचा उतार तयार. ७०७५ अ‍ॅल्युमिनियम किंवा ईएन८ घ्या. काम झाल्यावर पट्टी सरफेस प्लेटवर, तिच्या खाचेत बसणाऱ्या ग्राइंड केलेल्या पॅरललवर ठेवा आणि डायल गेज लांबीत फिरवा. १०० मिमीला ०.५८ चा फरक दिसला पाहिजे, ०.०१ मिमी चुकलं तर तिसऱ्या हिश्श्याच्या एमओएची चूक, ती झीरो करताना निघून जाते. त्याहून महत्त्वाचं मोजमाप दुसरं आहे, आणि तेच सोडून दिलं जातं. पुढच्या टोकाला डाव्या कडेवरून उजव्या कडेवर गेज न्या, मग मागच्या टोकाला तसंच. दोन्हीकडचा फरक सारखा आला नाही तर पट्टीला पीळ आहे. कोन एक-दोन एमओएने चुकला तर काही बिघडत नाही, पण पिळलेली पट्टी दोन रिंगांना दोन दिशांना धरते आणि तो स्कोप कधीच स्थिर राहत नाही. बाजारातल्या पट्टीचंही हे मोजा.

हे सगळं पट्टीपुरतं. रायफलीच्या रिसीव्हरला भोक पाडणं, आटे मारणं हे परवानाधारक गनस्मिथचंच काम आहे. शस्त्र कायदा १९५९ हत्यारांच्या दुरुस्तीला आणि बदलालाही परवाना मागतो. वर्कशॉपमध्ये रायफल नेऊच नका, मापं न्या.

बसवताना डोव्हटेल आणि स्क्रू अ‍ॅसिटोनने पुसा, तेलाचा थेंबही नको. पट्टीच्या स्क्रूंना निळं लॉकटाइट, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणारा डिंक. रिंगांच्या टोप्यांना कंपनीने दिलेला टॉर्क लावा. दिला नसेल तर १.७ ते २ न्यूटन-मीटरच्या पुढं जाऊ नका, आणि चारही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा. पट्टी तिरपी केल्याने स्कोपचं पुढचं टोक एक मिलिमीटरच्या आसपास खाली येतं. मोठ्या भिंगाचा स्कोप असेल तर नळी आणि भिंग यांच्यात कागद सरकवून बघा.

मग ओळंबा. गवंड्याचा ओळंबा वीस-पंचवीस मीटरवर टांगा, रायफल स्पिरिट लेव्हलने सरळ करा आणि क्रॉसहेअरची उभी रेघ दोरीवर आणा, त्यानंतरच टोप्या आवळा. माउंटच्या पुढं-मागं उताराची इतकी चर्चा करणारे लोक रायफल डावी-उजवीकडं किती कलते ते बघतच नाहीत. ३० एमओए वर चढवलेले असताना रायफल १ अंशाने कलली तर गोळी २०० मीटरवर ३ सेंटिमीटर बाजूला जाते, ५ अंशाला १५ सेंटिमीटर. ५० मीटरवर हेच जाणवत नाही, म्हणून माणूस वाऱ्याला शिव्या देतो. स्कोपवर बसणारी छोटी बबल लेव्हल घ्या. झीरो झाल्यावर उंच कागदावर ओळंब्याने रेघ मारून १०० मीटरवर लावा, एक गट टरेट न हलवता मारा आणि दुसरा त्याच निशाणावर टरेट २० एमओए चढवून मारा. दुसरा गट पहिल्याच्या ५८ सेंटिमीटर वर आणि रेघेवरच आला पाहिजे. कमी-जास्त आला तर टरेटचा क्लिक खोटा बोलतोय, आणि वरचं सगळं गणित त्या प्रमाणात बदला.

आपल्याकडच्या हवेचाही हिशेब धरावा लागतो. मे महिन्यात नांदेड-परभणीत पारा ४२-४३ ला असतो, डिसेंबरात परभणीला तो १० च्या खाली येतो. गरम हवा विरळ असते आणि बारूदही जास्त जोरात ढकलतं, त्यामुळे उन्हाळ्यात गोळी कमी पडते. मेमध्ये मोजून "२०० मीटर होतंय" म्हणत जेमतेम कोन घेतला, तर थंडीतल्या सकाळच्या सरावाला एलेव्हेशन कमी पडेल. शिल्लक नेहमी डिसेंबरच्या सकाळसाठी ठेवा. २०० ला ३० लागत असतील तर ३३-३५ हातात हवेत. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी स्टीलच्या रिसीव्हरवर जास्त प्रसरण पावते हेही विचारलं जातं. ३० अंशांच्या फरकाला १३० मिमीच्या पट्टीत ते ०.०४ मिमी भरतं. .२२ वर त्याची काळजी करू नका. उन्हात उभ्या गाडीत रायफल ठेवून लगेच मारायला बसू नका, एवढं पाळलं तरी पुरे.

मामांच्या .३०-०६ ची गोष्ट वेगळी आहे. ती रायफल मामांच्या परवान्यावर आहे, तेव्हा ती त्यांनीच चालवावी हे आधी. तिची गोळी वेगवान असल्याने १०० मीटरच्या झीरोला ४ एमओएच लागतात, आणि तिथून ६०० मीटरला सुमारे १८ ते २०. ६० एमओएच्या स्कोपला सपाट बेसवर २६ शिल्लक राहतात. म्हणजे ६०० मीटरपर्यंत तिला तिरप्या माउंटची गरजच नाही. लोकांना वाटतं मोठ्या रायफलीला मोठा कोन हवा; .२२ ला २०० मीटरवर जेवढं चढवावं लागतं तेवढं तिला साधारण ८०० मीटरला लागतं. शिवाय ११ मिमीच्या डोव्हटेलची पकड तिच्या धक्क्यासाठी नाही, तिला स्क्रूने बसवलेला बेसच हवा. स्कोप एक, माउंट दोन, आणि प्रत्येक वेळी स्कोप काढून घातल्यावर झीरो नव्याने. मी तर दोन स्कोप ठेवीन.

एलेव्हेशन कमी पडल्यावर दुसरा मार्ग स्कोपच्या खुणांचा. फौजेत ड्रागुनोव ही स्नायपर रायफल हाताळलेल्यांना तिचा पीएसओ-१ स्कोप आठवेल. त्याचा टरेट १००० मीटरपर्यंत जातो आणि त्यापुढच्या ११००, १२०० आणि १३०० साठी आत खाली तीन बाण दिलेले आहेत. टरेट जिथं संपतो तिथून पुढचं काम खुणा करतात. नवा स्कोप घेताना खाली खुणा असलेलं रेटिकल (आतलं क्रॉसहेअरचं चित्र) बघा, मग २० चा माउंट आणखी पुरेल. तुमच्या जुन्या ३-९ मध्ये साधं क्रॉसहेअर असेल तर हा मार्ग बंद.

एक गोष्ट जाता जाता सांगतो, पण ती मी अगदी मनापासून सांगतोय. "बालाघाटच्या डोंगराला लावू" म्हणून रानात २०० मीटर मांडू नका. आपला डोंगर काळ्या पाषाणाचा आहे, .२२ ची शिशाची गोळी त्याच्यावरून उसळून कुठंही जाते, आणि उसळली नाही तरी तिचा पल्ला दीड किलोमीटरपर्यंत जातो. मागं गुराखी असतो, वस्ती असते. परवानगी असलेली, मागं मातीचा पुरेसा बांध असलेली रेंज मिळेपर्यंत १०० मीटरवरच काम करा. आणि ऑलिम्पिकच्या वाटेची ५० मीटर रायफल खेळायची असेल तर तिथं दुर्बिणीला परवानगीच नाही, त्या रायफलीवर यातलं काहीच लागत नाही.

तेव्हा आधी तीन आकडे काढा: स्कोपचे एकूण क्लिक, मध्यावर असताना २५ मीटरवर गोळी कुठं लागते, आणि नळीच्या मध्यापासून स्कोपच्या मध्यापर्यंतची उंची. एकूण ४५ एमओएच्या आत आले तर २५ चा माउंट, ६० किंवा वर आले तर डोळे झाकून २० चा. आणि २५ मीटरवर गोळी अपेक्षेपेक्षा (स्कोपची उंची अधिक तिथवर गोळी पडते तेवढं खाली, यापेक्षा) वर लागली, तर पाच एमओए कमीचा घ्या.